चकाकी

आमच्या दिंद्रुडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि मोटारीच्या बंद काचांतूनही आत शिरते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने यंदा ऊसतोडीची उचल घेतली नाही. टेम्पोत पाण्याची टाकी घालून तो दारोदार मोटारी धुतो. परवा दोन बाटल्या घेऊन आला. "गुरुजी, बारीक अक्षरं वाचून सांगा. कोणतं घ्यावं?"

एक सिलिकॉनच्या तेलाचे. डॅशबोर्डाला नवरीसारखी झळाळी. पण तेलकटपणावर धूळ बसते, आणि भर दुपारी तीच झळाळी पुढच्या काचेत उमटून डोळे दिपवते. दुसरे पाण्यातले, ऊन सोसवणारे. लावूनही लावल्यासारखे दिसत नाही. शिवाय महाग! गिऱ्हाईक मात्र चकाकीलाच पैसे मोजते. (कादंबऱ्यांचेही तसेच, पण ते असो.)

त्याने दुसरे उचलले.

"अरे, लोक विचारतील, लावलंस काय?"

"आधी मळ काढतो की. ते फडकं दाखवीन."

मळ काढायला मात्र सोड्याचे पाणी नको, एवढे मी बजावले. दसऱ्याच्या पूजेतली हळद सोड्याने लालभडक होते. आपल्या घरच्या बायकांना हे कुणी शिकवावे लागत नाही.

वसुबारसेपर्यंत सात गाड्या झाल्या. आठवी मुकादमाची आहे.