शेवटाविषयीची फिर्याद

मायकेल क्रायटन यांची ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ ही कादंबरी १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा लेखक हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण संपवीत होता. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांबरोबर एखादा अज्ञात जंतू पृथ्वीवर उतरू नये म्हणून त्यांना २१ दिवस विलगीकरणात ठेवण्याचा बंदोबस्त अमेरिकन सरकारने केला होता. हा योग ध्यानात घेतल्यावाचून त्या कादंबरीचे मोल पुरते कळत नाही, असे मी आमच्या पुण्यातील वाचकमंडळापुढे चर्चेच्या आरंभीच सांगितले. माझे आयुष्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्लेटी लावण्यात आणि स्लाइडी रंगवण्यात गेले, त्यामुळे या पुस्तकाविषयी मला आत्मीयता आहे, हे निराळे सांगायला नको. परंतु मंडळाची चिटणिशी माझ्याकडे असल्याने प्रत्येकाचे मत त्याच्या शब्दांत टिपून ठेवणे हेही माझे काम होते, आणि त्या संध्याकाळच्या टिपणांवरूनच मी हे लिहीत आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगतो. अंतराळातून सूक्ष्मजीव गोळा करण्यासाठी धाडलेला एक उपग्रह ॲरिझोनातील पीडमॉन्ट या ४८ वस्तीच्या गावाजवळ उतरतो, आणि एका रात्रीत सारे गाव मरून पडते. बहुतेकांचे रक्त नसांतल्या नसांत गोठलेले असते, काहींनी वेडाच्या भरात स्वतःचा प्राण घेतलेला असतो. वाचतात दोघेच, एक दारुडा म्हातारा आणि एक तान्हे मूल. त्या दोघांना नेवाडातील भूगर्भात पाच मजले खोल बांधलेल्या ‘वाइल्डफायर’ नावाच्या गुप्त प्रयोगशाळेत नेतात, आणि शास्त्रज्ञांची एक छोटी तुकडी त्या जंतूचे स्वरूप शोधू लागते.

पहिली तक्रार आली ती रुक्षपणाची. पात्रे पुठ्ठ्याची आहेत, त्यांना घरदार नाही, मन नाही, तक्ते आणि अहवालच फार, असे तिघाचौघांचे म्हणणे पडले. त्यावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने जे सांगितले ते मला मार्मिक वाटले. ते म्हणाले, “अहो, हे मला आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टासारखं वाटलं आणि म्हणूनच खरं वाटलं. शेवटी दिलेली संदर्भांची यादीसुद्धा मी तपासायला घेतली, तर त्यातले काही निबंध लेखकाने स्वतःच रचलेले निघाले!” खरे आणि कल्पित यांची अशी बेमालूम सरमिसळ करून कादंबरीला सरकारी दप्तराचे रूप देणे ही क्रायटन यांची युक्ती पुढे पुष्कळांनी उचलली, परंतु तिच्यामागे वैद्यकाचा विद्यार्थी होता, ज्याला केसपेपर कसा लिहितात हे हाताच्या सवयीने ठाऊक होते, हे विसरता कामा नये.

दुसरी तक्रार एका शिक्षिकेची, आणि तिला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. अणुस्फोटाने प्रयोगशाळा नष्ट करण्याची वेळ आल्यास तो निर्णय अविवाहित पुरुषच सर्वांत योग्य घेईल, असा एक सिद्धान्त कादंबरीत मांडला आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ चक्क एक कोष्टकही दिले आहे. शास्त्रज्ञांच्या तुकडीत तर स्त्री एकही नाही. रॉबर्ट वाइज यांनी १९७१ साली चित्रपट काढताना त्यांतील लेव्हिट या शास्त्रज्ञाची स्त्री केली आणि केट रीड यांनी ती भूमिका केली, एवढा दाखला मी दिला. पण बाईंचे समाधान झाले नाही आणि ते व्हायलाही नको होते.

मग बोलल्या आमच्या सिस्टर, म्हणजे वॉर्डात सारी हयात घालवून निवृत्त झालेल्या परिचारिका, आणि त्या बोलत असताना खोलीतील कुजबुज थांबली. म्हातारा आणि मूल का वाचले, हे कादंबरीचे खरे कोडे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, आणि तो अँड्रोमेडा जंतूही तशाच चिंचोळ्या पट्ट्यात वाढतो. म्हातारा पोटाच्या व्रणाच्या दुखण्यावर मूठमूठ ॲस्पिरिन खातो आणि डबाबंद इंधनातून गाळलेला मद्यार्क पितो, म्हणून त्याचे रक्त आम्लतेकडे झुकलेले. मूल अखंड रडते, रडताना श्वास भराभर सोडते, अंगातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि त्याचे रक्त अल्कतेकडे कलते. सिस्टर म्हणाल्या, “विषारी दारू प्यालेले आमच्याकडे यायचे ना, त्यांचा श्वास असा खोल आणि घाईचा चालायचा, की दारातूनच कळायचं रक्तात आम्ल चढलंय म्हणून. आणि घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या पोरीबाळींची बोटं आखडून वाकडी व्हायची, ते याच्या बरोबर उलट. हे दोन्ही मी याच डोळ्यांनी पाहिलंय. पण दोन टोकांचे दोन रुग्ण शेजारी ठेवून त्यांच्यात साम्य शोधावं, हे मला कधी सुचलं नसतं. तान्हं रडायला लागलं की आम्ही त्याला गप्प करायला धावायचो. इथं रडणंच त्याला जगवतंय!”

हे ऐकताना मला जाणवले की, वाचकाच्या अनुभवाने पुस्तकाचा एखादा परिच्छेद कसा जिवंत होतो, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या मंडळात क्वचितच घडले असेल. मी स्वतः तो भाग रसायनशास्त्राचे कोडे म्हणून वाचला होता. सिस्टरांनी त्यात दोन खाटा आणि दोन श्वास आणून ठेवले.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका तरुण सभासदाला मात्र सर्वांत भावला तो टेलिप्रिंटरचा प्रसंग, आणि त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एवढी खर्चिक, एवढी दक्ष प्रयोगशाळा. बाहेरून तातडीचा संदेश आला की यंत्राची घंटा वाजायची. आणि कागदाच्या गुंडाळीच्या कडेचा एक बारीक कपटा सुटून घंटा आणि तिचा टोला यांच्यामध्ये अडकतो, म्हणून घंटा वाजत नाही आणि संदेश तसेच पडून राहतात. ज्याने प्रयोगशाळेत काम केले आहे त्याला या कपट्याचे भय उमगते. ऑटोक्लेव्हचा झिजलेला रबरी गॅस्केट, लेबल सुटलेली नळी, संध्याकाळी दार लावायचे राहिलेला इन्क्युबेटर, अशाच वस्तूंनी आमच्या धंद्यात अनर्थ घडतात. कोणी म्हणेल, हे कादंबरीकाराचे अतिरंजन; तर १९६९ च्या २४ जुलैला प्रशांत महासागरात उतरलेल्या अपोलो ११ च्या यानाचेच पाहा. अंतराळवीरांनी विलगीकरणाचे पोशाख चढवावेत म्हणून दार समुद्रातच उघडावे लागले, पोशाख आत दिले गेले, दार जंतुनाशकाने पुसले. परंतु दार उघडताच आतील हवा बाहेरच्या वाऱ्यात मिसळली ती मिसळलीच. पुढे विलगीकरणाची मुदत मात्र पुरी पाळली गेली. चंद्रावर जीव नव्हता म्हणून निभावले.

आता शेवटाकडे येतो, कारण सर्वांत मोठा वाद तेथेच माजला. शास्त्रज्ञांना जंतूवर उपाय सापडत नाही; तो जंतू आपण होऊन बदलतो, माणसाला निरुपद्रवी होतो, प्लास्टिकसारखी द्रव्ये खाऊ लागतो आणि वातावरणाच्या वरच्या थरांत निघून जातो. “ही वाचकाची फसवणूक आहे,” असे आमच्या वकीलसाहेबांनी निक्षून सांगितले, “एवढा खटला उभा केला आणि निकालाच्या दिवशी फिर्यादीच गैरहजर!” बहुसंख्य सभासदांचा कौल त्यांच्याच बाजूने गेला. तरुण सभासदाचा आक्षेप अधिक नेमका होता: एक पेशी बदलली तर समजू शकते, पण ठिकठिकाणी विखुरलेले सारे जंतू एकाच वेळी एकाच रीतीने कसे बदलतील? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो कादंबरीचा खरा दोष आहे.

पण वकीलसाहेबांची फिर्याद मला नामंजूर आहे, आणि ती का, हे मी तळमळीने सांगितले. ऑस्ट्रेलियात १९५० साली सशांचा नायनाट करण्यासाठी मिक्सोमा विषाणू सोडला, तेव्हा लागण झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मेले. परंतु थोड्याच वर्षांत त्याच विषाणूची सौम्य रूपे सर्वत्र पसरली, कारण सावजाला तत्काळ ठार करणाऱ्या विषाणूला पुढच्या सावजापर्यंत पोचायला सवड मिळत नाही. देवीचा विषाणू मात्र शतकानुशतके मारक राहिला आणि लस टोचूनच त्याला हटवावे लागले. म्हणजे जंतू सौम्य होईलच असा कायदा नाही, आणि होणार नाही असाही नाही. त्याचे गणित त्याच्या स्वतःच्या हिशेबाने चालते, त्यात आपल्या जयापजयाला जागा नसते. क्रायटन यांनी एवढी गोष्ट सत्तावीस वर्षांचे होण्यापूर्वीच जाणली आणि विजयाचा सोहळा टाळून ती लिहिली, हे मला धैर्याचे वाटते. शेवटची अणुबॉम्ब थोपवण्याची धावपळ मात्र चित्रपटासाठी बेतल्यासारखी आहे, ती मी आनंदाने वकीलसाहेबांच्या स्वाधीन केली.

चर्चा लांबली ती एका गोष्टीने, जिचा आमच्या गावाशी सरळ संबंध आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रावरून इस्रोने एक प्रचंड फुगा सोडला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. त्या प्रयोगाचे नेतृत्व जयंत नारळीकर यांच्याकडे होते. नमुने हैदराबादला आणि पुण्यात गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या, आणि जिवाणूंच्या तीन जाती सर्वस्वी नव्या ठरल्या. त्यांतील एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या नावावरून ‘जॅनिबॅक्टर हॉइली’ म्हणतात. या नव्या जाती त्यांच्या पार्थिव भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या निघाल्या. तरीही त्या पृथ्वीबाहेरून आल्या असे यातून निर्विवाद सिद्ध होत नाही, असे २००९ साली निष्कर्ष जाहीर करतानाच सांगितले गेले. हे ऐकून शिक्षिका म्हणाल्या की, कादंबरीतल्या कुठल्याही पात्रापेक्षा हा संयम त्यांना अधिक आवडला. वकीलसाहेबांनी आपले मत कार्यवृत्तात विरोधी मत म्हणून नोंदवायला लावले, ते मी शब्दशः नोंदवले. आणि पुढील बैठकीसाठी हॉईल यांची १९५७ ची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी मुक्रर झाली.