माळवद उतरवलं, गोठा उभा राहिला



यंदा उन्हाळ्यात गावातलं जुनं माळवद उतरवलं. नोंद करून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल.

घर आज्यानं बांधलेलं. दगड-मातीच्या भिंती, सागाचे खांब अन् तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर माती टाकायची, वजन वाढतच गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तवा असल्याच माळवदाखाली हजारो माणसं गेली. आमचं घर टिकलं, पण मागच्या भिंतीला भेग पडली. तवापासून आम्ही पुढच्या पत्र्याच्या खोलीतच झोपतो. गेल्या पावसाळ्यात ती भिंत फुगली.

लाकडाचा व्यापारी एकरकमी भाव सांगून गेला. पुण्यातला धाकटा भाऊ म्हणला, देऊन टाकू. मला शेतात शेळ्यांना गोठा पाहिजे होता. आई तर बोलायलाच तयार नव्हती. शेवटी तीच म्हणली, "मोडायचं तर मोडा, पण माझ्या घराचं लाकूड बाहेर जाऊ देऊ नका." भाऊ गप बसला अन् सुट्टी टाकून पोराला घेऊन आला.

काम असं केलं. बांधलं त्याच्या उलट क्रमानं मोडायचं. आधी वरची माती, मग फळ्या, मग तुळया, भिंती शेवटी. माणसं वर असताना खाली कुणी थांबायचं नाही. माती उकरताना विंचू निघाले, म्हणून बूट पाहिजेतच. माझ्या मुलीनं प्रत्येक लाकडावर खडूनं नंबर टाकला. हातोडीनं ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर आतून वाळवीनं खाल्लेलं. १२ खांबांपैकी ९ चांगले निघाले. बाकीचं सरपणाला.

गोठ्याचं जोतं घरच्याच दगडाचं. खांब मातीत पुरले नाहीत, जुन्या दगडी बैठकींवर उभे करून आडव्या-तिरप्या लाकडांनी बांधून घेतले. मातीत पुरलं की वाळवी आलीच. पत्रे जुनेच, भोकं डांबरानं बुजवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी सवयीप्रमाणं वर दगड ठेवायलो होतो. आई खालून वरडली, "परत डोक्यावर दगड? त्या रात्री काय झालं इसरलास का?" हात तिथंच थांबला. दगड उतरवले अन् पत्रे हुकानं आवळले. दोनशे-तीनशे रुपयांचे हूक. ज्यांच्या पत्र्यावर आजही दगड हायेत, त्यांनी ह्याचा इचार करावा.

आता माझी चूक सांगतो. पांढरी माती खत म्हणून चांगली, असं बाप सांगायचा. शेणकुटाची राख, जनावरांचं मूत त्यात मुरलेलं असतं. मी १५ ट्रॅक्टर माती न तपासता अर्ध्या एकरात पसरली. सोयाबीन तीन आठवड्यांचं झालं अन् तेवढाच तुकडा पिवळा पडला. शिरा हिरव्या, पान पिवळं. कृषी सहायकानं बघून सांगितलं, लोहाची कमतरता. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, त्यात ह्या मातीतला चुना मिसळला. चुना वाढला की जमिनीत लोह असूनबी पिकाला घेता येत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट अन् १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, अशा दोन फवारण्या केल्या. नवी पानं हिरवी आली, पण तो तुकडा मागंच राहिला. उरलेली माती आता तपासल्याशिवाय टाकणार नाही.

आई रोज सांजच्याला गोठ्यात येऊन बसते. उंबऱ्याजवळचा खांब कोणता, ते तिला नंबर न बघता कळतं. त्यालाच टेकून बसते.

तुमच्याकडं पांढरी माती कुणी वापरली असंल तर कोणत्या जमिनीत अन् काय फरक पडला, ते खाली लिहा.