गुण आलेलं औषध

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या पट्ट्यात वय सांगताना कोणी सन सांगत नाही. ‘भूकंपात मी चौथीला होतो’, ‘थोरल्याचं लगीन भूकंपाच्या आधीचं’, असंच बोलणं चालतं. 29 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून गाव झोपलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. ज्यांचं लहानपण त्या पहाटेच्या अलीकडं-पलीकडं वाटलं गेलं, ती आपली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. त्या दिवसाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगितल्या. कोण कुठल्या खणात झोपलं होतं, कोणाला कुठून काढलं, कोण राहिलं नाही. एक गोष्ट मात्र मागं राहिली. जे ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, त्यांच्या जखमा कशा भरल्या?

आधी घराघरांतलं औषधपाणी आठवून पाहा. चुलीजवळच्या देवळीत हळद, बिब्बा, ओव्याची पुरचुंडी. केसतूड झालं की आज्जी पोटीस बांधायची, पायात काटा मोडला की बिब्बा तापवायची. त्याच देवळीत सोफ्रामायसिनची शेवटपर्यंत पिळलेली ट्यूब असायची आणि डोळे आल्यावर टोचून पिळायच्या क्लोरोमायसेटिनच्या इवल्या कुप्या. एवढ्यानं भागलं नाही तर दवाखाना. डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरच जास्त ओळखीचा. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या, सोबत बी-कॉम्प्लेक्सची पिवळी गोळी, आणि ‘सकाळी एक, सांच्याला एक’ हा हुकूम. गोळ्या गरम पडतात म्हणून घरी ताक घुसळलं जायचं.

सगळ्यात लक्षात राहिली ती सुई. स्टीलच्या डबीत काचेची पिचकारी स्टोव्हवर उकळत असायची. कंपाउंडर पेनिसिलिनची रबरी बुचाची छोटी बाटली काढायचा. आत तळाला पांढरी भुकटी. पाण्याच्या काचेच्या कुपीची मान तो बारीक कानशीनं घासून टचकन मोडायचा, ते पाणी सुईनं बुचातून बाटलीत सोडायचा आणि बाटली दोन्ही तळहातांत घोळवायचा. भुकटीचं दुधासारखं पांढरं पाणी व्हायचं. त्यातला थेंबभर आधी हाताच्या आतल्या बाजूला कातडीत टोचायचा. तिथं मसुराएवढा फुगा यायचा आणि त्याभोवती बॉलपेननं गोल काढायचा. मग बाकड्यावर बसायचं. फुगा लाल झाला नाही, खाज सुटली नाही, तरच पुढची खरी सुई. त्या वर्तुळाकडं टक लावून बसलेली लेकरं प्रत्येक घरात होती. काही थोड्या माणसांचं अंग पेनिसिलिन सोसत नाही आणि ते एकाएकी जिवावर बेतू शकतं, म्हणून ही तपासणी. दवाखान्यात विचारतात त्या ‘कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर आजही तितक्याच काळजीनं द्यायला हवं.

त्या बाटल्यांचं मोठं माहेर आपल्याच राज्यात होतं. स्वातंत्र्यानंतर देशाला पेनिसिलिन बाहेरून आणावं लागत होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी नंतर वाढली. तिथले जुने लोक आजही ‘एच.ए. कंपनी’ म्हणतात ती हीच. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला हवा आणि खाद्य पुरवायचं आणि तिनं सोडलेला रस गाळून, शुद्ध करून, वाळवून बाटलीत भरायचा, असं हे काम. शिळ्या भाकरीवर जो बुरा येतो, त्याच्याच नात्यातली ही बुरशी. भाकरीवरचा बुरा औषध नव्हे, पण 1928 साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत अशीच एक बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेलेले त्यांना दिसले. त्याचं औषध करायला पुढं ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी रक्ताचं पाणी केलं.

1993 च्या त्या पहाटेनंतर आपल्या भागाला या औषधाची गरज पडली, तशी त्याआधी कधी पडली नव्हती. आपली घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर वर्षानुवर्षं थापलेला पांढऱ्या मातीचा थर. माळवद उन्हाळ्यात गार ठेवायचं, त्या पहाटे तेच अंगावर आलं. हजारो माणसं गेली, आणि जखमी त्याहून कितीतरी जास्त होते. हाडं कातडी फाडून बाहेर आलेली, मांस चेंगरलेलं, आणि सगळ्या जखमांत माती. तीही साधी नव्हे. गुरं घरातच बांधलेली असायची, त्यामुळं शेणामुताची. धनुर्वाताचे आणि मांस सडवणारे जंतू अशाच मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढीला लागतात. त्यात वरून पाऊस. जखमींना मिळेल त्या गाडीत घालून उमरग्याला, लातूरला, सोलापूरला नेलं. जखम धुणं, सडलेलं मांस काढणं, धनुर्वाताची सुई देणं आणि अँटिबायोटिक सुरू करणं, असं हे काम असतं. धनुर्वाताची सुई वेगळी लागते, कारण तो आजार जंतूंनी सोडलेल्या विषानं होतो आणि अंगात पसरलेल्या विषावर पेनिसिलिनचा इलाज चालत नाही. जखमेत वाढणाऱ्या जिवंत जंतूंवर मात्र तो चालतो.

कसा चालतो, हे आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल, कारण भिंत का पडते हे आपण पाहिलंय. आपल्या जुन्या भिंती बाहेरून भक्कम दिसायच्या, पण आत दोन वेगळ्या थरांच्या होत्या. बाहेरचा दगड बाहेर, आतला आत, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. जमीन हलली आणि थर सुटे होऊन फुगले. नवी घरं बांधताना, जुनी दुरुस्त करताना इंजिनिअर आणि गवंडी त्या आरपार जोडावर जोर देत होते, ते यासाठीच. जंतूच्या अंगाभोवतीही अशीच एक भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांना आडव्या बांधणाऱ्या प्रथिनांच्या छोट्या गाठी. जंतू वाढतो, दुभंगतो, तेव्हा त्याला नवी भिंत बांधावी लागते आणि त्या आडव्या गाठी मारणारा एक घटक त्याच्याकडं असतो, त्याचा गवंडीच म्हणा. पेनिसिलिन नेमकं त्या गवंड्याला चिकटतं आणि त्याचे हात बांधतं. साखळ्या रचल्या जातात, जोड मात्र बसत नाहीत. जंतूच्या आतला दाब मोठा असतो. बिनजोडाच्या भिंतीला तो पेलत नाही आणि जंतू फुटतो.

माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. म्हणून हे औषध जंतूला मारतं आणि आपल्या पेशींना सहसा धक्का लावत नाही. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया हे आजार विषाणूंचे. विषाणूलाही तशी भिंत नाही. तिथं हे औषध कितीही महागाचं घेतलं तरी गुण येत नाही. ‘डॉक्टर, जरा पावरफुल गोळी द्या’ असं व्हायरल तापात म्हणणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट समजावून सांगता आली पाहिजे.

मग गुण कुठं येतो? स्ट्रेप्टोकोकस जंतूनं घसा पिकला, तर पेनिसिलिन आजही लागू पडतं. त्या घशाकडं दुर्लक्ष झालं, तर काही लेकरांना सांधे सुजवणारा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. असा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलामुलींना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची ती जड, दुखरी सुई वर्षानुवर्षं घ्यावी लागते. आपल्या वर्गात दर महिन्याला एक दिवस लंगडत येणारी एखादी पोरगी असायची, ती त्या सुईमुळं. उपदंश म्हणजे जुने लोक ज्याला गरमी म्हणत, त्याच्यावर आजही हीच पहिल्या पसंतीची सुई आहे. याच घराण्यातल्या अ‍ॅमॉक्सिसिलिननं पोटातून घेता येणारी सोय केली. जंतूंमुळं झालेला न्यूमोनिया, कानातून येणारा पू, दाताच्या मुळाशी झालेलं गळू, अशा ठिकाणी ते वापरतात.

भूकंपानंतरची पत्र्याच्या शेडमधली वर्षं आठवतात त्यांना अ‍ॅमॉक्सिसिलिनची लहान मुलांची बाटली नक्की आठवेल. आत गुलाबी किंवा पिवळसर भुकटी आणि बाहेर एक रेघ. माय पाणी उकळून गार करायची, बाटली डोळ्यांसमोर धरून रेघेपर्यंत थोडं थोडं ओतायची, हलवायची, फेस खाली बसला की पुन्हा रेघ बघायची. औषधाला गोळ्या-बिस्किटांसारखा गोड वास. शेडमध्ये फ्रीज नव्हता आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आत बसवत नसे. म्हणून बाटली माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात उभी. एकदा पाणी घातलं की औषध आठवडाभरच चांगलं राहतं, हे ती कंपाउंडरकडून पक्कं शिकून आलेली. शाळेत न गेलेल्या बायकांनी हे काम किती नीट केलं, त्याची कुठं नोंद नाही. दिवसातून तीनदा म्हणजे तीनदा. त्यालाही कारण होतं. मूत्रपिंडं हे औषध काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातलं प्रमाण उतरलं की मेले नाहीत ते जंतू पुन्हा भिंत बांधायला लागतात.

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला उपचार म्हणून पहिल्यांदा पेनिसिलिन टोचलं, तेव्हा हेच दिसलं. चेहरा, डोळा, फुप्फुस पुवानं भरलेलं होतं. चार-पाच दिवसांत तो सुधारला, जेवू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून काढून तेच पुन्हा टोचत होते. तेही संपलं. जंतू परत उठले आणि मार्चमध्ये तो गेला. औषध चांगलं होतं, पण पुरेसे दिवस मिळालं नाही.

दुसरा धोका जंतूंच्या शिकण्याचा आहे. पेनिसिलिनची मधली कडी तोडणारा रस काही जंतू तयार करतात. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिनला क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची जोड दिली, तर जंतूंनी आणखी वाटा काढल्या. फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की अपुरी मात्रा जंतूंना मारत नाही, कणखर करते. आज आपल्या बाजारपेठेत चिठ्ठीशिवाय पानभर कॅप्सूल मिळते, दोन दिवस घेतली जाते, उरलेली डब्यात पडते आणि पुढच्या तापात शेजारच्या लेकराला दिली जाते. पानावरची उभी लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये म्हणून छापलेली असते. ती रेघ वाचायला शिकणं हे मायनं बाटलीवरची रेघ वाचण्याइतकंच घरातलं काम आहे.

आपल्या पिढीनं या औषधाचा गुण पाहिलाय. ज्यांच्या मांडीवर, दंडावर त्या पहाटेचे व्रण आहेत आणि जे आज शेती करतात, नातवंडं खेळवतात, त्यांच्या जगण्यात डॉक्टर-नर्सच्या हातांइतकाच या भुकटीचाही वाटा आहे. त्या वेळी ते लागू पडलं, कारण जखमांतले बरेच जंतू अजून त्याला दाद देत होते. पुढं कधी असा प्रसंग आला, कुठं धरणीकंप झाला, कुठं गाडी उलटली, कुठं बाळंतिणीला ताप भरला, तर ते पुन्हा लागू पडलं पाहिजे. पडेल की नाही, हे आज आपल्या घरात ठरतंय. सर्दीला हे मागायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस आणि त्या वेळा चुकवायच्या नाहीत, उरलेली गोळी कोणाला द्यायची नाही. घर बांधताना आरपार दगड घातलाय का, हे गवंड्याला विचारायला आपण भूकंपानंतर शिकलो. तसंच डॉक्टरांना विचारावं, ‘साहेब, हा ताप जंतूचा आहे की व्हायरल?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आपल्या लेकरांनाही शिकवला पाहिजे.