वीस बोर

आमच्या माणदेशात बंदूक म्हटली की बाराबोर. आमच्या आबांची मात्र वीस बोर होती आणि त्यावरून पारावर त्यांची थट्टा व्हायची. "आबा, ही बंदूक हाय का पोरांची पिपाणी?" आबा नुसते हसायचे.

नवख्याला वाटतं, वीस म्हणजे बारापेक्षा मोठी. हिशेब उलटा आहे. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. वीस पाडल्या की गोळी लहान, नळीही लहान. बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची, विसाची साडेपंधराच्या जरा वर. अठ्ठावीस बोर त्याहून बारीक. चारशेदहा सगळ्यांत नाजूक, पण तिचा आकडा गोळ्यांचा नाही, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या मापाचा.

१९४८ साली संस्थानं विलीन झाली, तेव्हा एका इनामदारानं वाड्यातलं सामान विकायला काढलं. त्यात आबांना ही मिळाली. दोन नळ्या, बाहेर दोन घोडे, अक्रोडाचा दस्ता आणि नळीच्या पोटाला बर्मिंगहॅमची मोहोर. वजन इतकं बेताचं की दिवसभर माळ तुडवला तरी खांदा भरून येत नसे.

काडतुसांची मात्र बोंब. तालुक्याच्या दुकानात बाराची मिळत, विसाची सांगून पुण्याहून आणावी लागत. तीही कागदी. पावसाळी हवेत फुगली की नळीत शिरायची नाहीत, म्हणून आबा ती पत्र्याच्या डब्यात जपायचे. मोजून दहा-बारा काडतुसांवर हंगाम काढायचा. बारात छर्रेही कमी, त्यामुळं लांबचा नेम धरण्यात अर्थ नाही. तीस पावलांच्या आत जायचं, नाहीतर घोडा उतरवून घरी यायचं. आबा म्हणायचे, "बाराबोरवाला ढगात मारतो. हिच्यासंगं पाखराची वळख ठेवावी लागती." आणि ती त्यांना होती. तितर कुठल्या बांधाला चरतो, लावा पायाखालून उठल्यावर कुठं वळतो, पखुर्डी पाण्यावर कधी उतरते, सगळं तोंडपाठ. बसलेलं पाखरू मारायचं नाही आणि विणीच्या दिवसांत बंदूक खुंटीवरून काढायची नाही, हे त्यांचे नेम होते.

त्या नेमांची खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. विहिरींचे तळ दिसत होते. आई आणि चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोची लाल भाकरी, ती घशाखाली उतरत नसे. ओढ्यात एकच डबकं उरलं होतं आणि सकाळी उन्हं वर आली की पखुर्ड्या थव्यानं त्यावर उतरत. चुलते म्हणाले, "आबा, दोन बारात धा-बारा पडतील. पोरांच्या तोंडात चार घास जातील."

आबा म्हणाले, "तहानेला आल्याल्यावर बार टाकायचा नसतो."

"पोरं उपाशी हायती, अन् तुमास्नी पाखरांची दया?"

"दया न्हाय रं. आज समदी मारली, तर पुढल्या साली माळावर काय उरंल?"

चुलते पुढं दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मी बारा वर्षांचा होतो आणि मनानं चुलत्यांच्या बाजूला होतो. भुकेल्या पोराला पुढलं साल दिसत नाही.

त्याच साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार कायमची बंद झाली. तोवर आबा गेले होते. बंदूक वडिलांच्या आणि पुढं माझ्या परवान्यावर आली. आता ती वर्षातून चार वेळा तेल खाते आणि निवडणूक लागली की ठाण्यात जाऊन बसते. माझ्या हातून तिचा एकही बार पाखरावर निघालेला नाही.

अशा जुन्या, बारीक नळीच्या बंदुकांचे शौकीन शहरात आहेत. त्यांतले एक येऊन गेले. मोहोर भिंगातून पाहिली, घोडे हलकेच मागं ओढून बघितले आणि चांगली किंमत सांगितली. पण २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा त्यांनाही आधी घरातली एक काढावी लागेल. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याला परवान्याच्या खेपा नकोत आणि त्याचं चुकत नाही.

मी होकार कळवला आहे. कागद झाले की ती जाईल. परवा मुलगा आला, तेव्हा त्याला उजाडायच्या आत ओढ्यावर नेलं. उन्हं वर येईपर्यंत बाभळीआड गप्प बसवलं. नऊ पखुर्ड्या उतरल्या. त्यानं बोटांवर मोजल्या आणि त्या पाणी पिऊन उडेपर्यंत हात हलवला नाही.