पेटी आणि कूस

लहान मुलांच्या संगोपनाविषयीं मराठींत जे शब्दप्रयोग रूढ आहेत, ते बहुतेक सारे माणसाच्या देहाशीं निगडित आहेत. मूल आईच्या 'अंगावर' पितें; आजोबांच्या 'अंगाखांद्यावर' खेळतें; आजी त्यास 'तळहाताच्या फोडाप्रमाणें' जपते; आणि दुर्दैवानें आई गेलीच, तर तें एखाद्या मावशीच्या 'ओटींत' घातलें जातें. वर्गांत अलंकार शिकविणाऱ्या आम्हांसारख्या मनुष्यास हीं लक्षणेचीं उदाहरणें म्हणून फार उपयोगीं पडतात. परंतु बालरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस यांत अलंकार मुळींच दिसत नाहीं. तिच्या दृष्टीनें अंग, खांदा, तळहात आणि कूस हीं उपचाराचीं साधनें आहेत. आणि तीं कोणत्या घटकेस, किती वेळ व कशा रीतीनें वापरावयाचीं याचा तिच्यापाशीं नेमका हिशेब असतो. या हिशेबाविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीं आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. दुपटीं शिवावयाचीं होतीं, डिंकाचा डबा नुकताच घरांत आला होता. परंतु येणाऱ्या पाहुणीस धीर नव्हता. चाळीस आठवड्यांचा मुक्काम तिनें बत्तिसावा आठवडा लागतांच आटोपला. जन्मवेळचें वजन एक हजार तीनशें साठ ग्रॅम! तिचा हात आमच्या करंगळीच्या एका पेराएवढा होता. वर्तमान कळतांच नातलगांचे दूरध्वनि सुरू झाले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "पेटींत ठेवलंय का?" पेटींत ठेवलें आहे, असें सांगतांच विचारणारा निश्चिंत होई. जणूं पेटीच मूल वाढविते!

पेटी काय करते, हें आम्हीं पुढील पांच आठवड्यांत जवळून पाहिलें. ती ऊब देते व हवेंतील ओलावा राखते. हें थोडें नव्हे. कारण अकालीं जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो आणि त्याची ऊब पाहतां पाहतां उडून जाते. परंतु पेटीस डोळे नसतात. अशा बाळास श्वास घेण्याचाहि मधूनच विसर पडतो. पंधरावीस सेकंद छाती हलत नाहीं, ओठ काळवंडूं लागतात, यंत्राची घंटा वाजते. आणि ती वाजतें न वाजतें तोंच परिचारिकेचा हात आंत जाऊन बाळाच्या तळपायावर बोटानें हलकीशी टिचकी मारतो. श्वास पुन्हां सुरू होतो. एका रात्रीं असें तीनदां झालेलें कांचेपलीकडून आम्हीं पाहिलें. तिन्ही वेळां त्या बाईंनीं टिचकी मारली, वहींत वेळ टिपली आणि शेजारच्या बाळाकडे वळल्या. आमचे पाय मात्र लटपटत होते.

या बाई मूळच्या केरळकडील. मराठी त्यांनीं याच कामांत राहून मिळविलेली. पांचव्या दिवशीं त्यांनीं आमच्या कन्येस बोलाविलें आणि म्हणाल्या, "आता बाळाला तुम्ही घ्यायचं. छातीवर. रोज." नळ्या आणि तारा पाहून कन्या रडूं लागली. बाईंनीं रडण्याकडे दुर्लक्ष केलें व हात मात्र धरला. टोपी आणि लंगोट एवढ्याच वेषांत बाळास आईच्या उघड्या उरावर उभें निजविलें, मान एका बाजूस कलती ठेवली, श्वासाची वाट मोकळी आहे असें पाहिलें, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून पट्टा बांधला. अर्ध्या तासानें काढलेलें तापमान पेटींतल्या तापमानाहून कमी नव्हतें; श्वासाची लय मात्र सुधारली होती. आठवडाभरांत आईचें दूधहि वाढलें. तें नळीनें थेंबाथेंबानें पोटांत जाई. कारण चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें हीं तिन्ही कामें मेळानें करण्याची हातोटी बाळास सुमारें चौतिसाव्या आठवड्यास साधते. पुढें जांवईबापूंचीहि पाळी लागली. सदऱ्याचीं बटणें सोडून, मुलीस उराशीं बांधून दोन दोन तास स्वस्थ बसलेला बाप आमच्या घराण्यांत पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता.

आमच्या सौभाग्यवतींचा आणि बाईंचा मात्र तंटा झाला. मधाचें बोट, गुटी आणि तेल हा आजीचा हक्क आहे, असें एका पक्षाचें म्हणणें. "आजी, एक वर्षापर्यंत मध नाही, आणि आत्ता दुधाशिवाय काहीच नाही," असें दुसऱ्याचें. मधांत क्वचित् असे जंतु असतात कीं त्यांचें विष तान्ह्या बाळाचे स्नायु लुळे करतें, हें बाईंनीं शांतपणें समजाविलें. शेवटीं तह झाला तो असा: मध व गुटी रद्द, पट्टा बांधून बसण्याचा मान दुपारीं आजीकडे.

हा पट्टा आला कोठून, याचा इतिहास मनोरंजक आहे. आधीं पेटी आली. पॅरिस येथील तार्निए या प्रसूतिवैद्यांनीं कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहिलें आणि तशाच पेटींत अकालजात बालकें ठेवण्याची कल्पना काढली. हें १८८० च्या सुमाराचें. मुलें वांचूं लागलीं. परंतु त्यांचे शिष्य ब्युदँ यांस एक विलक्षण गोष्ट दिसून आली. पेटीमुळें मुलांपासून दूर राहिलेल्या कांहीं आयांची त्यांच्यावरील मायाच आटत असे. १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ही धोक्याची खूण नोंदविली. जगानें पेटी उचलली, खूण तशीच राहिली. अमेरिकेंत तर मार्टिन कुनी नांवाच्या गृहस्थानें १९०३ पासून १९४३ पर्यंत कोनी आयलंडच्या जत्रेंत या पेट्या मांडल्या. प्रेक्षक तिकीट काढून बाळें पाहत. त्या पैशावर परिचारिकांचे पगार होत आणि आईबापांस कांहीं द्यावें लागत नसे. हजारों मुलें तेथें वांचलीं. शास्त्राचा हा विजयच होता. त्यांत आईची जागा मात्र कांचेबाहेर होती.

मोठ्या मुलांच्या विभागांतहि तीच तऱ्हा. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आईबापांस आठवड्यांतून एखाद्याच वेळीं मुलास भेटूं देत. कारण आई येऊन गेली कीं मूल आक्रोश करी आणि विभागाची शिस्त मोडे. न भेटल्यास तें दोनतीन दिवसांत गप्प होई. "रुळलें," असें सर्व म्हणत. जेम्स रॉबर्टसन या निरीक्षकानें त्या गप्प मुलांकडे नीट पाहिलें आणि १९५२ सालीं एक लहानसा चित्रपट काढला. त्यांत दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस रुग्णालयांत आहे. ती फारशी रडत नाहीं, आणि तेंच पाहवत नाहीं. प्रथम आकांत, मग निराशा, मग अलिप्तता, असा तो क्रम आहे. ज्यास आपण रुळणें म्हणतों ती दुसरी किंवा तिसरी पायरी, असें त्याचें प्रतिपादन. पुष्कळांस राग आला. परंतु १९५९ मध्यें प्लॅट समितीच्या अहवालानें मुलांच्या भेटीवरील निर्बंध काढावेत, अशी शिफारस केली.

आणि कूस परत आली ती श्रीमंत देशांतून नव्हे. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील एका प्रसूतिरुग्णालयांत पेट्या अपुऱ्या, एकेका पेटींत दोन दोन बाळें, एकाचा संसर्ग दुसऱ्यास आणि सोडून दिलेल्या मुलांची संख्या मोठी, अशी स्थिति होती. १९७८ च्या सुमारास एद्गार रे व त्यांचे सहकारी एक्तोर मार्तीनेस यांनीं बाळें आयांच्या उरावर बांधण्यास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून त्या पद्धतीस नांव पडलें. गरिबाचा नाइलाज म्हणून जिच्याकडे पाहिलें गेलें, त्या युक्तीची पुढें कसोशीनें परीक्षा झाली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पांच रुग्णालयांतील ३२११ बालकांचा वृत्तांत २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहतां जन्मतःच ज्यांना आईच्या उरावर ठेविलें, त्यांपैकीं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शेंकडा १२ दगावलीं. नेहमींच्या रीतीनें ज्यांची शुश्रूषा झाली, त्यांपैकीं १५·७. हें अंतर आंकड्यांत लहान दिसेल. ज्यांच्या घरचें मूल त्या अंतरांत सांपडतें, त्यांनाच त्याची किंमत कळेल.

येथें कांहीं वाचक म्हणतील, "हें सारें आमच्या आज्यांस ठाऊक होतेंच." आम्हांस हा अभिमान पुरता मान्य करतां येत नाहीं. आमच्या वडिलांच्या मातोश्रींस नऊ मुलें झालीं. त्यांतील चार वाढलीं. त्यांच्या कुशीची ऊब कमी होती काय? कूस होती, वजनकांटा नव्हता, श्वास मोजणारें कोणी नव्हतें, घरांत स्वच्छ सुरी नव्हती. १९७१ सालीं आपल्या देशांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागें १२९ वर्षाच्या आंत जात. २०२० सालीं तो आंकडा २८ वर आला. हा पालट नुसत्या मायेनें झालेला नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच बायांना शिकवून तयार केलें. नवजात बाळाचें वजन करणें, त्यास ऊबदार ठेवणें, मिनिटाचे श्वास मोजणें, आणि ते साठ वा अधिक भरले तर धोका ओळखणें. जरूर तेव्हां औषधहि त्या देत. एकुणचाळीस गांवांत हें काम चाललें आणि नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले. तो वृत्तांत १९९९ मध्यें सर्व जगानें वाचला. शुश्रूषा म्हणजे मोजमाप शिकलेली माया, असें आम्ही म्हणूं.

मूल घरीं आल्यावर हें मोजमाप संपत नाहीं, आणि येथें आम्हां शिकल्यासवरल्या कुटुंबांची खरी परीक्षा असते. नात सात महिन्यांची झाली तेव्हां एका आप्तांनीं विचारलें, "अजून बसत नाही?" बाईंनीं निघतांना बजाविलें होतें, "आजोबा, हिचं वय मोजताना आठ आठवडे वजा करा. दोन वर्षं तसंच करायचं." या हिशेबानें ती पांच महिन्यांचीच होती! जागतिक आरोग्य संघटनेनें ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील मुलांवरून २००६ सालीं वाढीचे तक्ते सिद्ध केले. त्यांत आधारावांचून चालण्याची मुदत सुमारें आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत दिली आहे. शेजारच्या मुलाशीं स्पर्धा लावणाऱ्या आयांनीं एवढी एक ओळ भिंतीवर लावावी. सहा देशांतलीं हीं मुलें, दूध, आरोग्य व स्वच्छता नीट मिळाल्यास, उंचींत जवळजवळ सारखीं वाढतात, हाहि त्याच शोधाचा निष्कर्ष. खुजेपण रक्तांत आहे असें म्हणून हात झटकणाऱ्यांस तो अडचणीचा आहे.

केवळ अन्नानेंहि भागत नाहीं. जमेकाच्या किंग्स्टन शहरांत वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील कांहींच्या घरीं साध्या आरोग्यसेविका दोन वर्षें दर आठवड्यास एक तास जात आणि घरगुती खेळणीं घेऊन, मुलाशीं कसें खेळावें व बोलावें, हें आईस दाखवीत. वीस वर्षांनीं त्या मुलांची मिळकत तशाच इतर मुलांहून सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक भरली. चिऊकाऊच्या घासास इतकें व्याज पडत असेल, असें कोणास वाटलें असतें?

आतां शेवटची गोष्ट. आमच्या एका सहकाऱ्यांच्या कन्येनें बारावी झाल्यावर परिचर्येचें शिक्षण घेण्याचें ठरविलें. आम्हीं तिची समजूत घालावी, म्हणून सहकारी आमच्या घरीं आले. गुण चांगले होते, रात्रपाळी, परक्यांची घाण काढणें, पगार बेताचा, आणि "उद्यां लग्नाचं कसं?" हे त्यांचे आक्षेप. "व्हायचंच तर डॉक्टर का नाही?" असेंहि ते म्हणाले. हे आक्षेप खोटे नव्हेत. रात्रपाळी असतेच, तीन मुलांमागें एक हवी तेथें सहा मुलांमागें एक परिचारिका राबते, आणि पगार तिच्या श्रमाच्या मानानें पुष्कळ ठिकाणीं लाजिरवाणा आहे. परंतु आपलें मूल पेटींत असतां मध्यरात्रीं जिच्या बोटाकडे आपण डोळे लावून बसतों, तें बोट दुसऱ्याच्या मुलीचें असावें आणि आपली मुलगी तेवढी त्या कामांतून सुटावी, ही इच्छा सुशिक्षित घरांस शोभत नाहीं. आम्हीं त्या मुलीची समजूत घातली नाहीं. सहकारी कांहीं दिवस रुसले. मग तेच तिला वसतिगृहांत पोंचवून आले. परवां ती भेटली तेव्हां म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यापासून माझी ड्यूटी मुलांच्या वॉर्डात."