हन्नाला गाठायला अवकाश आहे

दौंडकडे जाणारी पॅसेंजर हडपसर सोडते आणि पुण्याचा गजबजाट हळूहळू मागं पडतो. लोणी, उरुळी, यवत करत गाडी पुढं सरकते, उसाचे फड रुळांजवळ येतात आणि केडगाव येतं. मिरजेतली नर्सिंगची नोकरी संपून मला फार दिवस झाले नव्हते. मुलं म्हणत होती, ‘आई, आता निवांत राहा.’ पाळकसाहेब म्हणत होते, ‘कमिटीवर या.’ माझं मन दोन्हीकडे लागेना. रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी केलेली प्रार्थना हीच माझी खरी उपासना होती. ती नोकरीबरोबर संपली, की प्रभूनं अजून काही काम राखून ठेवलंय, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला निघाले.

फाटकाशी एका बाईंनी ‘सलाम’ म्हणून आत घेतलं. आमच्या लोकांत हा शब्द कानावर पडला की परकेपणा उरत नाही. दगडी चर्च पाहिलं, दोन क्षण गुडघे टेकले. शारदा सदन आणि दुष्काळातून आणलेल्या मुली ही रमाबाईंची कथा आपण शाळेपासून ऐकतो. मला ओढ होती ती त्यांच्या उत्तरायुष्याची. पंचेचाळिशी उलटल्यावर या बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम अंगावर घेतलं. आधीचं मराठी त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे; खेड्यातल्या बाईला ते समजणार कसं? मूळ भाषेतून करायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांना कमी ऐकू येत होतं, संस्थेचा व्याप डोक्यावर होता, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवत आणि छापत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर शेवटची प्रुफं हातावेगळी झाली होती, असं सांगतात. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. त्यांनी ते पाहिलं नाही.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. आज आमच्या मंडळ्यांमध्ये वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. रमाबाईंचं बायबल फारच थोड्या घरांत असेल. मग आयुष्याची एवढी वर्षं ओतली ती कशासाठी?

दुपारी एका अंध आजींपाशी बसले. मांडीवर ब्रेलचं जाडजूड पुस्तक, उजव्या हाताची बोटं ओळीवरून सरकत होती. चुकल्यासारखं वाटलं की तर्जनी मागं येई, एखाद्या टिंबावर थांबे, मग पुढं जाई. लूकचा दुसरा अध्याय होता. मंदिरात वाट पाहणारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा संदेष्टी हन्ना. वाचता वाचता त्या थांबल्या.

“सिस्टर, वय काय तुमचं?”

“अठ्ठावन्न सरलं, आजी.”

“मग हन्नाला गाठायला पुष्कळ अवकाश आहे.”

आणि पुन्हा वाचू लागल्या.

मी मात्र त्याच ओळींवर अडकले. हा अध्याय नाताळात दरवर्षी ऐकलेला. पण शिमोनाला आणि हन्नाला पाहायला मिळालं ते फक्त एक तान्हं बाळ, हे तिथं पहिल्यांदा मनात उतरलं. पुढची शिकवण, आजाऱ्यांचं बरं होणं, क्रूस, पुनरुत्थान यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आल्याचं लिहिलेलं नाही. त्यांनी बाळासाठी देवाचे आभार मानले आणि हन्ना तर भेटेल त्याला सांगत सुटली. उतारवयातलं पाचारण हे असंच असावं, असं मला वाटतं. तरुणपणी आपण कामाचं फळ मोजतो. पुढं प्रभू हातात असं काम देतो, की त्याचं फळ दुसऱ्यांनी बघायचं असतं.

संध्याकाळी दौंडला गाडी बदलली. भीमेचा पूल ओलांडून नगरच्या, आता अहिल्यानगरच्या, वाटेला लागले. नारायण वामन टिळकांची ही कर्मभूमी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ मध्ये, पन्नाशी कधीच ओलांडल्यावर, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकाच दरबारात असावेत, हे त्यांचं स्वप्न. १९१९ मध्ये ते गेले. दरबार वाढायला वेळच मिळाला नाही. ‘ख्रिस्तायन’ही अर्धवट राहिलं. ते हाती घेतलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळा म्हणून लाभली नाही, त्या बाईंनी नवऱ्याचं महाकाव्य पुरं केलं आणि वयाच्या साठीनंतर ‘स्मृतिचित्रे’ दिली. लक्ष्मीबाईंइतकं सरळ मराठी माझ्या वाचनात दुसरं नाही.

रविवारी ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये उपासनेला बसले. टिळकांचं गीत सुरू झालं. शेजारची कॉलेजातली मुलगी पुस्तक न उघडता गात होती. ते लिहिणाऱ्याला ती कधी भेटणार नव्हती.

नोकरीत असताना ज्या खाटेवरचे उपचार थांबत, तिथं आमचं काम संपलं असं मानायची रीत होती. मिरजेला परतून मी तिथूनच सुरुवात केली आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या, बऱ्या न होणाऱ्या माणसांकडे जाते. कूस बदलते, तोंड पुसते, घरच्यांना तासभर झोपू देते. कुणी म्हटलं तर प्रार्थना करते. जात-धर्म विचारत नाही. यातलं कुणी उठून चालायला लागणार नाही, हे ठाऊक आहे.

आमच्या मंडळ्यांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. निवृत्त माणसाला खुर्ची देण्याआधी, ‘प्रभूनं तुमच्यावर आता कोणतं काम सोपवलंय?’ एवढं विचारा. आणि केडगावला जायचं असेल तर आधी कळवून जा. ते बायकामुलींचं राहतं घर आहे.