वाळूखालचं बी

गेल्या वर्षी अम्मीला घेऊन आम्ही उमराहला गेलो. अब्बांचा इंतकाल होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. इद्दत संपून कितीतरी महिने उलटले, तरी अम्मी गप्पच असायची. आम्ही मुलं सारखी मागे लागायचो, "अम्मी, शेजारी जाऊन बस, चार माणसांत मिसळ. असं किती दिवस चालणार?" ती काही न बोलता तस्बीह फिरवत राहायची.

मक्का ते मदिना हा सुमारे ४५० किलोमीटरचा प्रवास बसने केला. खिडकीबाहेर काळे डोंगर आणि रेती. "इथे काय उगवणार?" असं आम्ही बोलूनही गेलो. वाटेत नमाजसाठी बस थांबली. मशिदीच्या मागे अम्मी एका झुडपापाशी थबकली.

"अरे, ही तर आपल्या बांधावरची रुई!"

खरंच रुईच होती. अरबीत तिला उशर म्हणतात. पानांवर मेणासारखा पांढरट थर असतो, म्हणून आतलं पाणी सहज उडून जात नाही. थोड्या अंतरावर समुरचं झाड होतं, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. त्याची पानं अगदी बारीक, त्यामुळे ती फार तापत नाहीत. मुळं मात्र पाण्याच्या शोधात खोल गेलेली.

अम्मी पानाला हात लावून म्हणाली, "तुमचे अब्बा बांधावरची रुई कुणाला तोडू देत नसत. माझा गुडघा सुजला की पान गरम करून स्वतः बांधायचे."

वर्षभरात तिने पहिल्यांदा अब्बांचा विषय काढला होता. आम्ही मधे बोललो नाही, नुसते ऐकत राहिलो.

बस सुटली आणि शाळेत अनेकदा शिकवलेला धडा आठवला. निवडुंग दिवसा आपली पर्णरंध्रं मिटून घेतो. रात्री गारवा आला की ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्यातून अन्न तयार करतो. दिवसा पाहणाऱ्याला वाटतं, हा नुसताच उभा आहे.

वाळवंटातल्या काही रोपांचं बी तर वर्षानुवर्षं वाळूत पडून असतं. त्याच्या सालीत उगवण रोखणारं द्रव्य असतं. चार थेंबांनी ते धुऊन जात नाही, भरपूर पाऊस पडला तरच जातं. शिडकाव्याला भुलून बी उगवलं असतं, तर दोन दिवसांत करपलं असतं. त्याचं थांबणं हीच त्याची हिफाजत. मेलेल्या जमिनीला पावसाने जिवंत करण्याची निशाणी कुरआनात वारंवार येते. ती आम्ही वाचत होतो, पण आपल्याच घराकडे त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

वर्षभर आम्ही अम्मीवर चार-चार थेंब शिंपडत होतो आणि ती उगवत नाही म्हणून रागावत होतो. सब्र म्हणजे रिकामं बसणं नव्हे. आत बरंच काही चाललेलं असतं, ते फक्त बाहेरून दिसत नाही.

घरी आल्यावर अम्मी पूर्वीसारखी झाली, असं नाही. कधी बोलते, कधी आठवडाभर गप्प असते. आता आम्ही घाई करत नाही. मगरिबनंतर चहा घेऊन तिच्याजवळ बसतो. ती बोलली तर ऐकतो, नाही बोलली तरी बसून राहतो.